कौल आणि चिठ्ठी

आमच्या कोकणात देवाला कौल लावण्याची चाल आहे. मुलीचे स्थळ पसंत करावे की नाही, नव्या विहिरीची जागा कोठे धरावी, भाऊबंदकीचा दावा चालवावा की मिटवावा, असा काही पेच पडला आणि माणसाची बुद्धी चालेनाशी झाली, की तो देवळाची वाट धरतो. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या नाहीतर तांदळाचे दाणे चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि जमलेली मंडळी श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. शिकल्यासवरल्या माणसाने ह्यावर हसावे असा रिवाज आहे. मला मात्र हसू येत नाही. मी फार देवभोळा आहे असे नव्हे. पण उभ्या नोकरीत, तीस-बत्तीस वर्षे, मी जे काम केले ते बाहेरून पाहणाऱ्याला असेच दिसते. मी संख्याशास्त्राचा माणूस. कर्करोगावरच्या उपचारांची पारख करण्यासाठी जे प्रयोग होतात, त्यांचे आराखडे आखणे आणि शेवटी हिशेब मांडणे हा माझा व्यवसाय होता. त्या आराखड्यांचा कणा हा, की कोणाला जुना उपचार मिळावा आणि कोणाला नवा, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रोग्याने ठरवायचे नाही, चिठ्ठीने ठरवायचे.

दिवाळीच्या दिवसांत, चकली-अनारशाच्या ताटाशेजारी, असला विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु ज्यांच्या गणगोतात ह्या रोगाने एकदाही डोकावले नाही असे वाचक किती असतील? आणि प्रश्न तरी केवळ रोगाचा नाही. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाचे औषध चिठ्ठी टाकून ठरवणे हे नीतीला धरून आहे काय? हा प्रश्न मला लोकांनी रेल्वेच्या डब्यात विचारला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला आहे, आणि एकदा माझ्या घरच्या माणसांनी विचारला आहे. शेवटच्या प्रसंगाकडे मी पुढे येईन.

ही चिठ्ठी वैद्यकात आली ती शेतातून. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे शेतकीचे एक संशोधनकेंद्र आहे. तेथे १९२० नंतरच्या दशकात रोनाल्ड फिशर नावाचा गणिती खतांच्या प्रयोगांचे आकडे तपाशीत होता. एका वाफ्यात नवे खत घातले आणि पीक वाढले, तर ते खताने वाढले की त्या वाफ्याची माती मुळात कसदार होती म्हणून? शेतकरी नकळत बऱ्या वाफ्यातच नवे खत घालतो. फिशरने सांगितले, वाफे निवडू नका, चिठ्ठ्या टाका. म्हणजे मातीचा कस, उतार, ओल, सावली, ज्यांची तुम्हाला खबर आहे ते आणि ज्यांची नाही तेही गुण-दोष, दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जातील, आणि जो थोडाफार कमीजास्तपणा राहील त्याचा अंदाज गणिताने बांधता येईल. (हाच फिशर पुढे तंबाखूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे मानायला शेवटपर्यंत तयार झाला नाही. स्वतः पाइप ओढीत असे. मोठ्या बुद्धीचे रक्षण तिची स्वतःची रीतही नेहमी करते असे नाही.)

वाफ्याला जीव नसतो. माणसावर ही रीत चालवायला धैर्य लागणार होते, आणि ते प्रथम नीट चालवले ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक म्हणून गेले आणि क्षय घेऊन परतले; डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला, म्हणून आकड्यांकडे वळले. १९४६ साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध अमेरिकेत निघाले होते. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनपाशी डॉलर नव्हते, आणि सगळ्या रोग्यांना पुरेल इतके औषध मिळण्याची सोयच नव्हती. तेव्हा हिल म्हणाले, नाही तरी थोड्यांनाच मिळणार, तर कोणाला ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवू आणि त्यातून काही शिकू. १०७ रोगी निवडले. ५५ जणांना औषध, ५२ जणांना तेव्हाचा रूढ उपचार, म्हणजे बिछान्यावर पडून विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्या गटात १४. निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे जंतू औषधाला सरावले आणि पाच वर्षांनी पाहता तो फरक पुष्कळ आटला होता, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

हिल ह्यांचे नशीब असे, की औषधाच्या टंचाईने त्यांची नीतीची अडचण आपोआप सोडवली. टंचाई असली, की चिठ्ठी अन्यायाची वाटत नाही. उलट तिच्याइतका न्याय दुसऱ्या कशात दिसत नाही. खरा पेच तेथे, जेथे दोन्ही उपचार टेबलावर हाताशी आहेत, डॉक्टरच्या मनात एकाकडे कल आहे, आणि तरीही आपण त्याला म्हणतो, तुझा कल बाजूला ठेव.

का ठेवायचा? डॉक्टर लबाड असतो म्हणून नव्हे. चांगला असतो म्हणून. त्याला रोगी बरा व्हावासा वाटतो, आणि त्या इच्छेनेच त्याची नजर पुसट होते. अमेरिकेतील विल्यम हॅल्स्टेड हे एक असामान्य शस्त्रवैद्य होऊन गेले. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी १८८२ पासून जी शस्त्रक्रिया चालवली, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही कापून काढीत. तर्क सरळ होता: रोग मुळापासून पसरतो, तेव्हा जितके दूरवर कापू तितके बरे. पाऊणशे वर्षे जगभरच्या शस्त्रवैद्यांनी हे श्रद्धेने केले. बाई जगली तर शस्त्रक्रियेने जगली. मेली तर उशिरा आली, किंवा कापणे कमी पडले. कोणत्याही निकालाने न हलणारा विश्वास ह्याहून वेगळा काय असतो? त्या बायकांच्या छातीचा सापळा दिसे, हात सुजून जड होत, खांदा वर उचलवत नसे. त्यांना वाटे, ही प्राणाची किंमत आहे.

१९७१ साली पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर ह्यांनी (हे फिशर निराळे, आधीच्यांशी ह्यांचा काही संबंध नाही) चिठ्ठ्या टाकून ह्या शस्त्रक्रियेची त्याहून सौम्य उपचारांशी तुलना सुरू केली. आपल्याच बिरादरीचा रोष त्यांनी पुष्कळ सोसला. १६६५ बायका त्या प्रयोगात होत्या. पंचवीस वर्षे त्यांचा मागोवा घेऊन २००२ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यात दोन्हींकडे आयुष्याच्या लांबीत फरक निघाला नाही. १९७६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या दुसऱ्या प्रयोगात स्तन राखून केवळ गाठ काढलेल्या बायकाही, संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. आज गावोगावच्या बायका स्तन न गमावता ह्या रोगातून उठतात, त्यामागे त्या चिठ्ठ्या आहेत. मला कोणी विचारतो, चिठ्ठी टाकणे क्रूर नाही का, तेव्हा ती न टाकता गेलेली ती पाऊणशे वर्षे माझ्यापुढे उभी राहतात.

आणि ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर तसेही नाही. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे मत पसरले, की पसरलेल्या स्तनकर्करोगावर विषारी औषधांचा प्रचंड डोस द्यावा, आणि त्याने जी अस्थिमज्जा जळून जाईल ती आधी काढून ठेवलेल्या रोग्याच्याच पेशींनी पुन्हा वसवावी. विमा कंपन्या पैसे देईनात, तेव्हा लोक कोर्टात गेले. १९९३ साली कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने एका मृत स्त्रीच्या कुटुंबाला ८ कोटी ९० लक्ष डॉलर देवविले. वर्तमानपत्रे रोग्यांच्या बाजूने. मग चिठ्ठीच्या प्रयोगात कोण येणार? आपल्याला जुना उपचार निघाला तर, ह्या भीतीने बायका प्रयोग टाळून थेट तो उपचार घेत. हजारोंनी घेतला, आणि पुष्कळजणी रोगाने नव्हे तर उपचाराने गेल्या. जे प्रयोग एरवी दोन-तीन वर्षांत उरकले असते ते रेंगाळले. अखेर १९९९ साली निकाल आले. बहुतेकांत फायदा काही नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगात मात्र मोठा फायदा दिसला होता. २००० साली तेथे जाऊन कागदपत्रे तपासली, तेव्हा ती बनावट निघाली. दयाळू कोर्ट, दयाळू वर्तमानपत्रे, आशेने आलेली माणसे, ह्यांत दुष्ट कोणीच नव्हते, शेवटच्या एका लबाडाखेरीज.

येथवर मी चिठ्ठीची वकिली केली. ती खोटी नाही, पण ती लांबून केलेली आहे. अमेरिकेतल्या बायकांविषयी न्यायनिवाडा करणे सोपे असते.

अण्णा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. चिपळूणला त्यांचे किराणा मालाचे दुकान. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते आणि वहिनी आमच्याकडे आले. वहिनींच्या स्तनात गाठ निघाली होती, शस्त्रक्रिया झाली होती, आणि पुढच्या औषधांविषयी इस्पितळाने विचारले होते, एका प्रयोगात येता का? अर्ध्या रोग्यांना नेहमीची औषधे, अर्ध्यांना तीच औषधे आणि त्यांच्या जोडीला एक नवे. अण्णांनी सहीचा कागद खिशातून काढून माझ्यापुढे ठेवला. "तुझी उभी हयात ह्यात गेली. तू सांग, सही करायची की नाही?"

कागदावरचे नाव मी वाचले आणि गप्प झालो. त्या प्रयोगावर नजर ठेवणारे तिघांचे जे मंडळ होते त्यात मी होतो. असे मंडळ प्रत्येक मोठ्या प्रयोगाला असते. डॉक्टरांना, रोग्यांना, औषध करणाऱ्यांना, कोणालाच चालू आकडे कळत नाहीत. फक्त ह्या मंडळापुढे ठराविक मुदतीने ते बंद पाकिटात येतात. दोनच महिन्यांपूर्वी ते पाकीट मी उघडले होते. पारडी अगदी समान नव्हती. एक किंचित खाली गेले होते.

वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, "भाऊजी, चिठ्ठी काढणार कोण?"

"यंत्र काढते, वहिनी. कोणा डॉक्टरचा हात तिला लागत नाही."

"म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीचा कोणी आला, तरी त्याला हवे ते मिळणार नाही?"

"नाही मिळणार."

"मग बरे आहे. रेशनच्या दुकानापासून सगळीकडे वशिलाच बघत आले. एक जागा तरी निघाली." आणि त्या हसल्या. सातवी शिकलेल्या बाई. ब्रॅडफर्ड हिल ह्यांच्या पाकिटाचे मर्म इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी दुसरीकडे ऐकले नाही.

अण्णांचे समाधान झाले नव्हते. "ते राहू दे. तुला आतले काही ठाऊक आहे का?"

मी म्हणालो, "अण्णा, त्या प्रयोगाच्या मंडळावर मी आहे. म्हणून मला ह्यातले एक अक्षर बोलता येणार नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांचे नाव देतो, त्यांचा ह्याच्याशी संबंध नाही, त्यांना विचारा."

"घरच्या माणसालाही नाही?"

"घरच्या माणसाला तर नाहीच."

अण्णांनी कागदाची घडी केली. चहा घेतला. बराच वेळ भावाच्या शेतीविषयी बोलत बसले. ते रागावले नव्हते. माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावे तसे बघत होते, एवढेच.

आता मला जे ठाऊक होते ते ठाऊक असणे होते का, हा खरा प्रश्न. एक साधे नाणे वीस वेळा उडवा. दहा छापा, दहा काटा पडेल असे आपण धरतो. पण निव्वळ योगायोगाने १४ विरुद्ध ६, किंवा त्याहून विषम वाटणी, सुमारे नऊ खेपांत एकदा होते. नाणे निर्दोषच असते. प्रयोगाच्या आरंभी, थोडे मृत्यू मोजलेले असताना, पारडी अशीच हेलकावतात. आणि जो वारंवार डोकावतो तो वारंवार फसतो. नेहमीचा रिवाज असा, की योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी असली म्हणजे फरक खरा धरावा. हीच कसोटी लावून चालू आकडे पाच वेळा पाहिले, तर फसण्याची शक्यता शंभरात पाच राहत नाही, चौदा होते; दहा वेळा पाहिले तर एकोणीस. पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हा हिशेब मांडला. तेव्हापासून आरंभीच्या पाकिटांना फार कडक कसोटी आणि शेवटच्या पाकिटाला सैल, अशी रीत पडली आहे. माझ्या पाकिटातला फरक त्या कडक कसोटीच्या जवळपासही नव्हता. म्हणजे शास्त्राच्या भाषेत मला काहीच ठाऊक नव्हते.

पण मनुष्याच्या भाषेत? कोणी माझ्यापुढे पिस्तूल धरून, एक बाजू निवड, म्हणाला असता तर मी जड पारड्याच्या विरुद्ध बोट ठेवले नसते. ज्ञान आणि कल ह्यांमध्ये एक पट्टा आहे, आणि आमचा सगळा व्यवसाय त्या पट्ट्यात उभा आहे. मॅकगिल विद्यापीठातले बेंजामिन फ्रीडमन ह्यांनी १९८७ साली ह्यातून एक वाट काढली. ते म्हणाले, एकट्या डॉक्टरच्या मनात कल असला म्हणून चिठ्ठी अनैतिक होत नाही. जाणत्या डॉक्टरांच्या समाजात प्रामाणिक मतभेद असला म्हणजे पुरे. दुसरा तितकाच जाणता डॉक्टर उलट सांगत असेल, तर माझ्या कलाला तरी किती मोल? हे मला पटते. फक्त एक कुसळ राहते: डॉक्टरांच्या समाजाला जे पाकीट दाखवलेले नाही ते मंडळाने पाहिलेले असते. समाजाचा मतभेद प्रामाणिक राहावा म्हणूनच ते झाकून ठेवलेले असते. ह्या कुसळाला मी आजवर उत्तर ऐकलेले नाही. आणि तरी ते पाकीट उघडे करावे असे मला वाटत नाही, कारण उघडे केले की १९९० नंतरची ती अमेरिका पुन्हा सुरू होते.

वहिनींनी त्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारून सही केली. पुढच्या पाकिटात पारडी समपातळीवर आली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. नव्या औषधाने काही अधिक साधले नाही. ह्यावरून माझे मौन योग्य ठरले असे मात्र मी म्हणणार नाही. पारडे खालीच जात राहिले असते, तरी त्या संध्याकाळी मी तेच बोललो असतो. मौन योग्य असेल तर ते त्या संध्याकाळच्या कारणांनीच योग्य असले पाहिजे.

वहिनींना नेहमीच्या औषधांची चिठ्ठी निघाली होती. त्या अकरा वर्षे जगल्या, दोन नातवंडे बघितली. त्या गेल्यावर अण्णा एकदा म्हणाले, "नवे मिळाले असते तर अजून असती का रे?" मी सांगितले, दोन्ही गटांत फरक नव्हता. ते म्हणाले, "गटाचे नाही विचारत. हिचे विचारतो." तेथे आमचे शास्त्र थांबते. देवाचा कौल एका माणसाच्या एका प्रश्नाला उत्तर देतो, खरे असो वा खोटे. आमची चिठ्ठी त्या माणसाला काहीच सांगत नाही. ती शेकडोंची मिळून एक गोष्ट सांगते, आणि तीही त्यांच्यामागून येणाऱ्यांना.

मग त्या शेकडोंनी मागून येणाऱ्यांसाठी आपले अंग का द्यावे? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असे कांट सांगून गेला, आणि अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत काळ्या मजुरांचा उपदंश उपचाराविना नुसता बघत बसल्याची हकिगत ऐकली, की त्याचे म्हणणे किती खरे होते ते कळते. कोणी असे म्हणतात, की आपण घेतो ती प्रत्येक गोळी कोणीतरी कधीतरी चिठ्ठी काढली म्हणून आपल्यापर्यंत आली. तेव्हा हे ऋण आहे, आपली पाळी आली की फेडावे. मलाही हे ऋण खरे वाटते. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून वसुली करायचे ते ऋण नव्हे. नाही म्हणणाऱ्याला तेवढ्याच आस्थेचा उपचार मिळाला पाहिजे, आणि होय म्हणणाऱ्याला आपण कशाला होय म्हणतो ते कळले पाहिजे.

ते कळवणे किती अवघड आहे हे मराठी संमतिपत्र हाती घेतल्याशिवाय समजायचे नाही. "यादृच्छिक पद्धतीने आपले वर्गीकरण केले जाईल" असे वाक्य मी वाचले आहे. लिहिणाऱ्याने कोश बघितला, माणूस बघितला नाही. "चिठ्ठी टाकून ठरेल" असे लिहा म्हटले तर समितीला ते हलके वाटते, जणू भिशी लावली आहे. आणि चिठ्ठी शब्द वापरला, समजावून दिले, तरी शेवटी खेड्यातला रोगी हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही द्याल ते." तो चिठ्ठीला संमती देत नाही, ज्याच्या हातून निर्णय काढून घ्यायचा म्हणून चिठ्ठी आणली, त्याच डॉक्टरच्या हाती तो निर्णय परत ठेवतो. ह्या विश्वासाने मला जितके अस्वस्थ केले आहे तितके कोणत्याही नकाराने केले नाही.

आणि आता ज्या प्रकरणाने मला सर्वांत अधिक छळले त्याकडे येतो. त्यात माझा हात नव्हता. छापलेले प्रबंध आणि त्यांवरचे वाद मी वाचले आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्याकडच्या गरीब बायकांचा रोग. तो फार हळू वाढतो, वेळीच दिसला तर सहज निपटता येतो. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक इस्पितळाने, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांच्यासह एक प्रचंड प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. त्यांच्या गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठी बाईची नव्हे तर समूहाची टाकली. एका चौथाईला विषाणूची तपासणी, एकीला पेशींची, एकीला नुसत्या सौम्य अॅसिटिक आम्लाने, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याने, पुसून डोळ्यांनी बघण्याची. चौथ्या चौथाईला तपासणी नाही. रोगाची माहिती आणि तपासणी कोठे होते त्याचा पत्ता. आठ वर्षे मागोवा घेऊन, २००९ साली, निकाल निघाला. विषाणूच्या तपासणीच्या गटात ३४,१२६ बायकांत ३४ ह्या रोगाने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ बायकांत ६४.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकने असाच प्रयोग दीड लाख बायकांवर केला. तेथे शिकवून तयार केलेल्या स्थानिक आरोग्यसेविका आम्लाने तपासणी करीत. मृत्यू शंभरात एकतीसांनी घटले. २०१३ साली तो निकाल जगभर वाखाणला गेला. आणि पाठोपाठ प्रश्न आला. ज्या अर्ध्या बायकांना काहीच दिले नाही त्यांचे काय? अमेरिकेतील एका डॉक्टरने २०१४ साली हिशेब मांडला, की महाराष्ट्र आणि तमिळनाडूतील अशा तीन प्रयोगांत तपासणी न मिळालेल्या गटांत किमान २५४ बायका ह्या रोगाने मेल्या. पेशींच्या तपासणीने हा रोग हटतो हे श्रीमंत देशांनी पूर्वीच दाखवले होते, मग रिकाम्या हाताचा गट कशाला? प्रयोग करणाऱ्यांचे उत्तर असे, की ह्या बायकांना एरवीही काही मिळत नव्हते, आमच्यामुळे निदान बाकीच्यांना मिळाले. आणि पेशी पारखणाऱ्या प्रयोगशाळा खेडोपाडी नाहीत, तेव्हा येथे काय चालेल हे पाहणे भाग होते.

दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. तरी मला ह्यात एक भेद करावासा वाटतो. उपचार गुणकारी आहे की नाही हे ठाऊक नसणे निराळे, आणि तो आपल्या तुटपुंज्या साधनांत पोचवता येतो की नाही हे ठाऊक नसणे निराळे. पहिल्या अज्ञानात रिकामा हातही रास्त आहे, कारण तो हात भरलेल्याहून बरा असण्याचा संभव असतो. हॅल्स्टेडच्या बायकांनी ते दाखवले. दुसऱ्या अज्ञानात तो संभव फारसा नसतो. तेथे निदान गावांची पाळी लावता आली असती: काही समूहांना आज, काहींना तीन-चार वर्षांनी. हिशेब अधिक धूसर आला असता, बायका अधिक लागल्या असत्या, हे मी आकड्यांचा माणूस म्हणून जाणतो. तेवढा धूसरपणा मी पत्करला असता. मात्र प्रयोग करणाऱ्यांवर दगड उचलणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. १९९९ च्या आधी त्या गावांत काही नव्हते, आणि ते नसणे त्यांनी आणलेले नव्हते.

निकाल हाती आल्यावर काय झाले, ते मला अधिक लागते. प्रयोगाचे समर्थन शेवटी एवढ्यावरच टेकते, की त्यातून जे कळेल ते मागच्यांच्या उपयोगी पडेल. सरकारने २०१६ साली देशभर तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, २०१९ ते २०२१ ह्या काळात. तीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले होते, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तुम्ही कधी करून घेतली आहे का? होय म्हणणाऱ्या निघाल्या शंभरात १.९. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणी, उस्मानाबादेत ज्या गावांना चौथी चिठ्ठी निघाली होती त्यांच्याच स्थितीत होत्या. त्या गावांत निदान कोणी हिंडून सांगितले होते, तपासणी कोठे होते ते.